अकरावा रकाना

गॅरेजमध्ये उस्तादाचा हात जितका हलका, तितकाच तो घरात जड होता. अपघातात चेपलेला गाडीचा दरवाजा तो असा ठोकून सपाट करायचा की पोचा कुठे होता ते गाडीच्या मालकालाही सांगता यायचं नाही. लोक लांबून त्याच्याकडे गाड्या घेऊन यायचे. ‘उस्ताद’ हे नाव त्यांनीच दिलेलं. घरी मात्र तोच हात उलटा चालायचा. एकोणीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोची एक बरगडी आणि मागचे तीन दात मोडले होते. ती एका मोठ्या लॉन्ड्रीत दवाखान्यांच्या चादरींना इस्त्री करायची. प्रत्येक वेळी तिथे जाऊन सांगायची, टेबलाचा कोपरा लागला, नाहीतर न्हाणीत पाय घसरला. बाकीच्या बायका ऐकून घ्यायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सासूने तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. ती मूठ तिने कधी उघडली नाही.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही, घरभर गिरक्या घ्यायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. अकराव्या वर्षानंतर गिरक्या थांबल्या, नाव तेवढं राहिलं.

त्या वर्षी झालं ते असं. भिंगरीकडून नळ उघडा राहिला आणि टाकी रिकामी झाली. उस्ताद दुपारी हात धुवायला आला तर पाण्याचा थेंब नाही. त्याने कमरेचा पट्टा काढला. एरवी तो बक्कल मुठीत धरायचा, त्या दिवशी पट्टा उलटा हातात आला. पहिला फटका पोरीच्या पाठीत बसला. दुसऱ्याला ती वळली आणि बक्कलचा काटा उजव्या डोळ्यात गेला. ती ओरडलीसुद्धा नाही. “आई, डोळ्यातून पाणी येतंय,” एवढंच म्हणाली. ते पाणी नव्हतं.

आईने तिला उचललं आणि दाराकडे धावली. दारात उस्ताद उभा होता. “दवाखान्यात नेलंस तर दुसरा मी स्वतः फोडीन,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता, आणि त्यानेच तिची पाचावर धारण बसली. नऊ दिवस ती उकळलेल्या पाण्याने डोळा धूत राहिली आणि धुतलेल्या चादरीच्या पट्ट्या बांधत राहिली. दहाव्या दिवशी पोर तापाने बरळू लागली, तेव्हा उस्तादानेच गाडी काढली आणि वाटेत दोघींकडून पाठ करून घेतलं: जिन्यावरून पडली. दवाखान्यात तसंच लिहिलं गेलं. उजवा डोळा गेलाच होता. पुढच्या काही महिन्यांत डावाही धूसर होत गेला, आणि शेवटी त्यात उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला.

सहा वर्षं गेली. भिंगरी ब्रेल शिकली, आणि गणितात तर अशी निघाली की शिकवणाऱ्या बाईच म्हणायच्या, “हिच्यापुढे मला बोटं मोजावी लागतात.” या बाईंनीच शिष्यवृत्तीची बातमी आणली. दृष्टिहीन आणि अंशतः दृष्टिहीन मुलांना शाळेनंतर कॉलेजात जाता यावं म्हणून एक संस्था ती देत होती. फी, वसतिगृह, वाचून दाखवणारा माणूस, बोलणारा संगणक, सगळंच त्यात होतं. आधी अर्ज, मग संस्थेच्या डॉक्टरांची तपासणी, मग मुलाखत. मुलगी अठराची नव्हती, म्हणून पालकाची सही लागणार होती.

अर्ज भरायला आई आणि भिंगरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. आई प्रश्न वाचायची, भिंगरी सांगायची, आई लिहायची. दहा रकाने सुरळीत गेले. अकराव्यात विचारलं होतं: दृष्टी कधी व कशी गेली, थोडक्यात लिहा.

आईने प्रश्न वाचला आणि पेन खाली ठेवलं.

“लिही,” भिंगरी म्हणाली. “अकराव्या वर्षी वडिलांनी पट्ट्याने मारलं. बक्कल डोळ्यात घुसलं. नऊ दिवस उपचार मिळाले नाहीत.”

“भिंगरे, त्यांची सही लागणार आहे याच्यावर.”

“माहितेय. मी सहीचं विचारलं नाही, लिही म्हटलं.”

आईने पेन उचललं. कागदावर खरखर झाली, भिंगरी कान देऊन ऐकत होती. लिहून झाल्यावर म्हणाली, “वाच परत.” आईने वाचलं, “अकराव्या वर्षी वडिलांनी पट्ट्याने मारलं. बक्कल डोळ्यात घुसलं. नऊ दिवस उपचार मिळाले नाहीत.” एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. कागदावर मात्र तिने लिहिलं होतं: अकराव्या वर्षी, जिन्यावरून पडून, डोक्याला मार लागल्यामुळे बहुधा दोन्ही डोळे गेले असावेत. पोरीला ऐकू येईल तेवढी खरखर व्हावी म्हणून तिने वाक्य मुद्दाम लांबवलं होतं.

तिने स्वतःची समजूत घातली. एकदा सही झाली, पोर या घरातून निघाली, की मग खरं सांगायला सगळं आयुष्य पडलंय. उस्तादाने संध्याकाळी सगळा अर्ज सोडून फक्त अकरावा रकाना वाचला, सही ठोकली आणि म्हणाला, “शहाणी आहेस.” इतक्या वर्षांत त्याने तिचं कौतुक केलं ते तेवढंच.

चार दिवसांनी मायलेकी तपासणीला गेल्या. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, केस पांढरे, हात थंडगार. त्यांनी भिंगरीचे डोळे बराच वेळ पाहिले, पापणीवरच्या बारीक व्रणावरून अंगठा फिरवला आणि मग अर्ज हातात घेऊन मोठ्याने वाचला. “अकराव्या वर्षी, जिन्यावरून पडून...”

भिंगरीची मान गर्रकन आईच्या दिशेने वळली.

“काय लिहिलंय?” तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वाचलं.

“ते खोटं आहे,” भिंगरी म्हणाली, आणि तिथेच, आईच्या समोर, तिने सगळं सांगितलं. पट्टा सांगितला, बक्कल सांगितलं, नऊ दिवस सांगितले. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग आईकडे वळून म्हणाल्या, “जिन्याने असा व्रण पडत नाही, ते मला आधीच दिसलं होतं. आणखी एक सांगते. तुम्हाला ते आज ना उद्या कळायलाच हवं. उजवा डोळा मारामुळे गेला. डावा मारामुळे गेलेला नाही. एक डोळा असा भोसकला गेला आणि उपचार लांबले, की कधीकधी चांगल्या डोळ्यालाही सूज चढते. पहिल्या एक-दोन दिवसांत आणली असतीत, तर डावा कदाचित राहिला असता.”

‘कदाचित’ हा शब्द आईच्या छातीत रुतला. तिला वाटत आलं होतं की दोन्ही डोळे त्याने घेतले. एकावर तिचाही हात होता.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या दाखल्यावर लिहिलं: टोकदार धातूची वस्तू डोळ्यात घुसून झालेली जखम. म्हणाल्या, “रकाना बदला, शेजारी पालकाची सही घ्या. आज घरी जाणं बरं आहे ना? पोलिसांना कळवायचं तर मी आत्ता कळवते.”

“ते संध्याकाळपर्यंत घरी नसतात,” आई घाईघाईने म्हणाली. “आम्ही सामान घेऊन तिच्या ब्रेलच्या बाईंकडे जाऊ.”

रस्त्यात भिंगरीने आईचा दंड धरला नाही. काठी टेकत पुढे चालत राहिली. चौकात गाड्यांचा गोंगाट होता, तिथेही थांबून स्वतःच कानोसा घेतला आणि ओलांडून गेली. आई मागून चालत होती, हात नुसताच पुढे करून. पलीकडच्या फुटपाथावर भिंगरी थांबली.

“सहा वर्षं तू मला सगळं वाचून दाखवलंस,” ती म्हणाली. “औषधांच्या बाटल्या, पत्रं, गुणपत्रिका. आता त्यातलं काय काय खरं होतं?”

“सगळं. तुझी शपथ, हे एक सोडून सगळं.”

“शपथ नको. तू खोटंसुद्धा छान वाचतेस.”

घरी पोचल्या तर उस्तादाच्या चपला दारात. गॅरेजचा कॉम्प्रेसर बंद पडला होता म्हणून तो लवकर आला होता आणि जेवून पलंगावर आडवा झाला होता. “काही बोलू नकोस,” आई कुजबुजली. “त्यांना झोपू दे, मग निघू.” हातांना काही काम हवं म्हणून तिने इस्त्री लावली आणि शेजाऱ्यांच्या कपड्यांचा गठ्ठा पुढे ओढला. लॉन्ड्रीने मोडीत काढलेली ती जुनी, जड इस्त्री होती. आई कपडे दाबत होती आणि मधूनमधून पिशवीत भिंगरीचे दोन जोड सरकवत होती.

उस्ताद झोपलेला नव्हता.

“कुठे निघाली स्वारी?” तो दारात येऊन म्हणाला.

आई उत्तर जुळवेपर्यंत भिंगरी उभी राहिली. “बाबा, अकरावा रकाना बदलायचाय. तिथे तुमची सही हवी.”

उस्तादाने तिच्या मांडीवरून घसरलेला दाखला उचलला. सावकाश वाचला. वाचून घडी घातली, खिशात ठेवली आणि पहिली मूठ बायकोच्या तोंडावर मारली. ती भिंतीवर आदळली, ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. “कुणी सांगितलं? तू?” त्याने तिला केसांनी धरून उभं केलं आणि पुन्हा भिंतीवर आपटलं. तिसऱ्यांदा तो तिला उचलत होता, तेव्हा भिंगरी ओरडली, “तिने नाही, मी सांगितलं! ती तर तुमच्याच बाजूने खोटं लिहून आली होती!”

उस्ताद थांबला. बायकोला सोडून मुलीपाशी गेला. श्वास जोरात चालला होता, आवाज मात्र अगदी मऊ होता.

“वाचतेस कुठल्या बोटांनी गं तू?”

भिंगरीला कळलं. तिने दोन्ही हात काखेत लपवले. त्याने पोटात गुडघा घातला, ती वाकली, तेव्हा उजवा हात उपसून काढला आणि तिला फरफटत न्हाणीच्या दारापर्यंत नेलं. बोटं चौकटीत दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने जाड लाकडी दार ओढून आपटलं. भिंगरीची किंकाळी उठली. त्याने दार उघडलं आणि पुन्हा आपटलं. या वेळी आवाज झाला तो लाकडाचा नव्हता.

आईने इस्त्री उचलली. वायर सॉकेटमधून उपटून आली. इस्त्री तापलेली आहे याचा तिने विचार केला नाही. तिने ती दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर उतरवली. हाड मोडल्याचं तिला हातात जाणवलं. उस्ताद वळला, त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं, जणू टेबलच उठून त्याला चावलं होतं. तिने तापलेला तळ त्याच्या गालावर दाबला. चरचर झाली आणि जळक्या केसांचा वास सुटला. तो गुरासारखा हंबरला, धडपडत तिच्या अंगावर आला, धड असलेल्या हाताने तिचा गळा धरला आणि तिला खाली पाडलं. तिच्या डोळ्यांपुढे काळोख दाटून येऊ लागला. पण हातातली इस्त्री तिने सोडली नव्हती. तिने ती आडवी फिरवली, ती त्याच्या गुडघ्यावर बसली, पकड सुटली, तो कोसळला. मग ती उठली आणि मारत राहिली. कशासाठी मारतेय तेही तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. दातांसाठी नाही, बरगडीसाठी नाही. डाव्या डोळ्यासाठी मारत होती बहुधा, आणि तो तर निम्मा तिचा गुन्हा होता.

“आई,” भिंगरी जमिनीवरून म्हणाली. “आई, पुरे. त्याचा आवाज बंद झालाय.”

आईने इस्त्री खाली ठेवली. सवयीने उभी ठेवली, तळ जमिनीला लागू नये म्हणून.

समोरच्या घरात राहणारी नर्स आरडाओरडा ऐकून धावत आली ती या वेळेला. तिने आधी भिंगरीचा हात ओल्या कापडात गुंडाळला, मग उस्तादाची नाडी पाहिली आणि म्हणाली, “जिवंत आहे.” आईला त्याचा आनंदही झाला नाही आणि दुःखही नाही.

दवाखान्यात उस्ताद संध्याकाळी शुद्धीवर आला. बायकोने मारलं हे चारचौघांत सांगायचं तर उस्तादकीला बट्टा. हवालदार वही घेऊन आला तेव्हा तो सुजलेल्या तोंडातून म्हणाला, “जिन्यावरून पडलो.” हवालदाराने ते लिहायला सुरुवातही केली. कुणालाच कटकट नको होती. आई बाहेरच्या बाकावर बसली होती, तिला ते ऐकू आलं. तिला गप्प बसायचं तेवढं काम होतं. ती सुटली असती.

ती उठून आत गेली.

“साहेब, आम्ही तळमजल्यावर राहतो,” ती म्हणाली. “आमच्या घराला जिनाच नाहीये. कधीच नव्हता. याला मी मारलं, इस्त्रीने. का मारलं तेही लिहा. वही मोठी आहे ना? सहा वर्षांपासून लिहावं लागेल.”

तिने सगळं सांगितलं, आणि नऊ दिवस सांगताना स्वतःला वगळलं नाही. हवालदाराचं पेन दोनदा थांबलं. शेवटी त्याने तिलाही ताब्यात घेतलं, कारण जबाबच तसा होता.

तिसऱ्या दिवशी ब्रेलच्या बाई चौकीत आल्या. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि जुना अर्ज रक्ताने खराब झाला होता. भिंगरीच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती. नवा अर्ज तिने डाव्या हाताने बोलणाऱ्या संगणकावर स्वतः टाइप केला होता. “आईचीही सही चालते, मी संस्थेला विचारलं,” बाई म्हणाल्या. “पण भिंगरीचा निरोप आहे. आधी सगळा अर्ज तुम्हाला वाचून दाखवायचा, मग सही.”

“वाचा बाई.”

बाईंनी चौकीतल्या बाकावर बसून पहिल्यापासून वाचला. टेबलामागचे दोघे पोलीस फायली चाळायचे थांबले. अकराव्या रकान्यात भिंगरीने पट्टा लिहिला होता, बक्कल लिहिलं होतं, आणि पुढे होतं: नऊ दिवस मला आई-वडिलांनी दवाखान्यात नेलं नाही. आई-वडिलांनी. आईने तो शब्द ऐकला, मान हलवली आणि सही केली.

मुलाखतीचं तिला बाईंकडूनच कळलं. समितीने भिंगरीपुढे ब्रेलचं पान ठेवलं. उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताला वाचायची सवय नव्हती, बोट एकेका ठिपक्यापाशी अडखळत होतं. समितीतले एक गृहस्थ कळवळून म्हणाले, “राहू दे बाळ, आम्ही समजू शकतो.” त्यावर भिंगरी म्हणाली, “मला घाई नाही. तुम्हाला असेल तर तुम्ही चहा घेऊन या.” त्यांनी खरंच चहा मागवला. पान संपायला अर्धा तास लागला. मग गणिताचे प्रश्न विचारले, ते मात्र तिने चहा निवायच्या आत सोडवले.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत आलं, कुणीतरी जागा सोडली म्हणून.

आईला जामीन मिळाला. उस्तादावर मुलीचा हात आणि मुलीचा डोळा अशा दोन्हींचा खटला उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी साक्ष दिली. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. आईलाही दोषी ठरवलं, पण तुरुंगात न पाठवता न्यायाधीशाने तिच्याकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेतली. ती जामिनावर सुटली त्याच आठवड्यात लॉन्ड्रीच्या मालकाने तिला कामावर परत घेतलं होतं. पहिल्या दिवशी एका बाईने विचारलं, “गळ्याला काय झालं गं?” तिने सांगितलं, “नवऱ्याने दाबला.” मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या एका बाईने आपली बाही वर केली आणि दंडावरचा डाग दाखवला.

भिंगरी वसतिगृहात गेली तेव्हा सोडायला बाई गेल्या. आईने कपड्यांना इस्त्री करून दिली, भिंगरीने ते घेतले, “येते” म्हणाली. मिठी नाही, काही नाही. आईनेही मागितली नाही.

आता ती रविवारी फोन करते. वसतिगृहातल्या मुलींबद्दल सांगते. तिसरं बोट अजून पुरतं वाकत नाही, म्हणून ती दोन्ही हातांनी वाचायला शिकतेय. एका रविवारी तिने बोलता बोलता मध्येच विचारलं, “त्या नऊ दिवसांत तू एकदा तरी निघायचा प्रयत्न केला होतास?”

आईला ‘रोज’ म्हणता आलं असतं.

“एकदा,” ती म्हणाली. “चौथ्या दिवशी. तुला चादरीत गुंडाळलं होतं. ते गाढ झोपले होते. मी कडी काढली. बाहेर रस्ता रिकामा होता. आणि मी कडी परत लावली.”

फोनवर मागे कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

“का?”

“भ्याले.”

“बरं,” भिंगरी म्हणाली. मग म्हणाली, “माझी वाचक आलीय. उद्या परीक्षा आहे. ती मुलगी भरभर वाचते आणि समीकरणांत अडखळते, तिला आधी समजावून सांगावं लागतं.”

“जा मग. जेवलीस का?”

“जेवले. तू?”

“नाही अजून.”

“जेवून घे,” भिंगरी म्हणाली आणि फोन ठेवला.